सड्याखालचा झरा

(द्वितीय वर्ष, कला)

'पाणी हेच जीवन' हे वाक्य आपण सर्वांनी प्राथमिक शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. पुढे निबंधातही ते अनेकदा लिहिले आहे. परंतु प्यायचे पाणी आपल्या घागरीत नेमके येते कसे, आणि ते घ्यायला कोणी जावे, कोठे उभे राहावे, हे कोण ठरवते, याविषयी आपण क्वचितच बोलतो. नळ असलेल्या घरात हा प्रश्न तोटीपाशी संपतो. विहिरीचे पाणी शेंदावे लागते, नदीत भांडे बुडवावे लागते. झऱ्याचे पाणी मात्र आपणहून बाहेर येते. तेथे पंप नाही, किल्ली नाही, पावती नाही आणि पाणी वाढणारेही कोणी नाही. आपले भांडे आपण लावावे, भरावे आणि उचलावे. अशा एका झऱ्याविषयी मी येथे लिहीत आहे.

मी राजापूर तालुक्यातील, सड्याच्या उतारावर वसलेल्या एका गावची. आमच्या गावात तीन वाड्या मिळून सुमारे एकशेदहा घरे आहेत. नळाची योजना आहे. पण मार्चनंतर तिच्या विहिरीचे पाणी खाली जाते आणि नळ एक दिवसाआड, मग चार दिवसांनी येऊ लागतो. तेव्हा सारे गाव झऱ्यावर येते. शिवाय नळ चालू असतानाही प्यायला झऱ्याचेच पाणी हवे, असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. या पाण्यात डाळ लवकर शिजते, असे आमच्याकडच्या बायका सांगतात. त्यात तथ्य आहे. जांभ्यातून आलेल्या पाण्यात चुन्याचे क्षार कमी असतात, आणि अशा मृदू पाण्यात डाळ लवकर मऊ होते.

धार येते कोठून?

आमच्या महाविद्यालयात घाटावरून आलेले काही प्राध्यापक आहेत, त्यांच्यासाठी प्रथम सड्याविषयी सांगते. डोंगराच्या माथ्यावर मैलभर पसरलेले, सपाट, काळसर-तांबूस कातळाचे पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात त्यावर चप्पल घालूनही उभे राहवत नाही, आणि पावसाळ्यात तोच सडा हिरवळीने आणि रानफुलांनी भरून जातो. हा कातळ जांभ्याचा. बेसाल्ट खडक हजारो-लाखो वर्षे ऊन-पावसात कुजला, त्यातील विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा तयार झाला. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टराने मलबार प्रांतातील अशाच खडकाचे वर्णन प्रसिद्ध करताना त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. मलबारात लोक या दगडाच्या विटा कापून घरे बांधत होते. आपल्याकडे त्यांनाच चिरे म्हणतात.

चिरा हातात घेऊन पाहिला तर त्यात बोट जाईल एवढाली भोके आणि आडव्यातिडव्या नळ्या दिसतात. हेच झऱ्याचे मूळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सड्यावर पडलेल्या पाण्यापैकी पुष्कळसे वहाळांतून समुद्राला मिळते. पण काही पाणी कातळाच्या भेगांतून आणि भोकांतून आत उतरते. जांभ्याच्या थराखाली पांढरट-पिवळ्या चिकणमातीचा थर असतो. त्या मातीतून पाण्याला सहजासहजी खाली जाता येत नाही. मग ते मातीच्या पाठीवरून आडवे सरकू लागते. आणि जेथे डोंगराचा उतार या दोन थरांच्या सांध्याला कापतो, तेथे बाहेर पडते. आमचा झरा अगदी अशाच जागी आहे. वर जांभ्याची दरड, खाली चिकणमाती आणि मधल्या फटीतून पाणी. दरडीवरच आमची देवरहाटी आहे. तेथे कोणी कुऱ्हाड लावत नाही. कोकणात अनेक झरे देवरहाटीतच आढळतात. झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने माती धरून ठेवली की पाऊस जमिनीत मुरायला वेळ मिळतो, हे त्याचे कारण म्हणता येईल.

पाऊस थांबल्यावरही झरा आठ महिने का वाहतो, हे यावरून ध्यानात येईल. आज बाहेर आलेले पाणी आज पडलेले नसते. सडा हे एक मोठे झाकलेले टाके आहे, आणि झरा ही त्याची गळती. टाके जूनपासून भरते आणि पुढच्या जूनपर्यंत पुरवावे लागते.

राजापूर तालुक्याचे नाव निघाले की गंगेची आठवण होणारच. उन्हाळे गावाजवळची ही गंगा नित्य वाहत नाही. साधारण तीन वर्षांनी येते, काही काळ राहते आणि निघून जाते. ती आली की चौदा कुंडे भरतात. जमिनीच्या पोटात वक्रनलिकेसारखी रचना असावी, आतील पोकळी विशिष्ट पातळीपर्यंत भरली की पाणी एकदम बाहेर ओढले जात असावे, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. जवळच गरम पाण्याचा झराही आहे. त्या गंगेला यात्रा भरते, दूरदूरची माणसे येतात. आमच्या झऱ्याला ना नाव आहे, ना यात्रा. तो फक्त रोज वाहतो.

भरण्याची रीत

फटीतून पाझरणारे पाणी तसेच सोडले तर त्याचे डबके होते. म्हणून झऱ्यापुढे दगडी चौकट बांधून तिच्या तोंडाशी पन्हळ बसवलेली आहे. पूर्वी ही पन्हळ पोफळीच्या खोडाची असे, ती दर दोन-तीन वर्षांनी कुजायची. आता तेथे जाड प्लॅस्टिकचा पाइप आहे. पाणी पाइपातून धारेने पडते, खाली सपाट दगडावर भांडे ठेवायचे. सांडलेले पाणी पुढच्या दगडी डोणीत जाते, ती गुरांसाठी. डोणीतून वाहिलेले पाणी वहाळाला मिळते. त्याच्या कडेला धुण्याचे दगड आहेत. पिण्याचे, गुरांचे, धुण्याचे असा हा उतरता क्रम कोणी कागदावर लिहिलेला नाही. पण तो सगळ्यांना पाठ आहे.

तसेच रांगेचे. पहाटे पाचला पहिली कळशी लागते. माणूस रांगेत उभा नसला तरी चालते, त्याचे भांडे उभे असले की पुरे. भांडे सरकवण्याचा अधिकार कोणालाही आहे, रांग मोडण्याचा नाही. एका वेळी एक खेप. दुसरी भरायची तर पुन्हा शेवटी. ज्या घरात आजारी माणूस, बाळंतीण किंवा मयत असेल, त्या घराचे भांडे न विचारता पुढे घेतले जाते. धारेखाली साबण लावायचा नाही. भांडे घरूनच घासून आणायचे, येथे फक्त विसळायचे, आणि विसळलेले पाणी डोणीच्या बाजूला टाकायचे. हंडा भरला की वर एखादे स्वच्छ पान टाकतात. त्याने चालताना पाणी डचमळून सांडत नाही. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, कमरेवर कळशी. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे. आणि आमच्या वाडीला परतताना चढ आहे.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडेच राहिले. अलीकडे मोटरसायकली आल्या, वीस लिटरचे कॅन आले आणि पाणी भरायला मुलगेही दिसू लागले. चाकावर आल्यावर हे काम पुरुषांना कमीपणाचे वाटेनासे झाले, हे मी तक्रार म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून नोंदवते. मे महिन्यात चाकरमानी येतात. मुंबईला परतताना तेही दोन-दोन कॅन भरून गाडीत ठेवतात. तालुक्याच्या गावाहून गाडी घेऊन येणारीही काही कुटुंबे आहेत. बाटलीतल्या पाण्यापेक्षा हे बरे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना कोणी नाही म्हणत नाही. मात्र मे महिन्यात पाहुण्याने रांगेत एकच कॅन भरावा, असे गेल्या वर्षीपासून ठरले आहे.

वरचे पाणी, खालचे पाणी

येथवर जे लिहिले ते वाचून आमचा झरा फार आदर्श आहे, असा कोणाचा समज होईल. म्हणून पुढचे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमची बौद्धवाडी. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही. पण झऱ्याचा इतिहास मला तिनेच सांगितला. तिच्या लहानपणी आमच्या वाडीच्या बायकांना धारेपाशी जाता येत नसे. त्या खाली, वहाळाच्या काठाशी बसत. वरची भांडी भरून झाली आणि कोणाच्या मनात आले, तर ती बाई उंचावरून आमच्या भांड्यात पाणी ओतायची. नाही आले, तर वहाळातले घ्यायचे. म्हणजे ज्यात वर गुरे प्यायली, ज्याच्या काठी कपडे धुतले गेले, ते. आजी म्हणते, "धार पडलेली आयकाय यायची, पन हात लावायचा नाय."

आजीचा जन्म स्वातंत्र्याच्या सुमाराचा. म्हणजे ती सांगते तो काळ राज्यघटना आल्यानंतरचा आहे. कागदावर हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले. परंतु ठराव झाला म्हणून कोणी तळ्यावर जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर माणसांना मार खावा लागला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, खटला चालला; १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख झाला, सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायदा आला. महाड आमच्याच कोकणातले. तरीही तेथली ओंजळ आमच्या झऱ्यापर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षे लागली.

आजी सांगते त्याप्रमाणे, मुंबईला गिरणीत कामाला गेलेली आमच्या वाडीची चार तरुण माणसे एका शिमग्याला गावी आली आणि सकाळी हंडे घेऊन सरळ धारेखाली गेली. वाद झाला; काही दिवस वरच्या वाड्यांनी झऱ्यावर येणे सोडले. पण मे महिन्यात दुसरे पाणी कोठे होते? ती भांडी परत आली. माझे बाबा तेव्हा जन्मलेही नव्हते. आज रांगेत तिन्ही वाड्यांची भांडी एकमेकांना खेटून उभी असतात, आणि माझ्या वयाच्या मुलींना पूर्वी असे काही होते, हे सांगितल्याशिवाय ठाऊक नसते.

मी भूगोल शिकू लागले तेव्हा या गोष्टीची दुसरी बाजू माझ्या ध्यानात आली. वरचे पाणी आणि खालचे पाणी हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. झरा उगमाशी सर्वांत स्वच्छ असतो. तेथून दहा पावलांवर त्याच पाण्यात शेण, साबण आणि माती मिसळलेली असते. अतिसार, कावीळ, विषमज्वर हे रोग अशाच पाण्यातून पसरतात. ज्यांना खाली बसवले, त्यांना रोगाचे पाणी दिले. झऱ्यावर धारेखाली जागा मिळणे म्हणजे आरोग्य मिळणे होय. गंमत अशी की, पन्हळ असलेला झरा ही शिवाशिव मानणाऱ्यांच्या दृष्टीनेही सर्वांत निर्दोष व्यवस्था असायला हवी होती. तळ्यात भांडे बुडते, विहिरीत दोर उतरतो. धारेत मात्र काहीच बुडत नाही. कोणाच्या हाताचा पाण्याच्या उगमाशी संबंधच येत नाही. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडते, पणजीत 'बोका द वाका', म्हणजे गाईचे तोंड, नावाचा झरा आहे. त्या दगडी मुखांमागेही हीच सोय आहे. उगम झाकलेला, मुख उघडे. तरीही माणसांना खाली बसवले गेले. त्याअर्थी कारण पाण्याच्या शुद्धतेचे कधीच नव्हते.

स्वच्छ दिसते ते शुद्ध असते का?

झऱ्याचे पाणी जमिनीतून गाळून येते म्हणून ते शुद्धच असते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. हे पूर्ण खरे नाही. वाळूतून पाणी सावकाश झिरपते, तेव्हा ते चांगले गाळले जाते. जांभ्याच्या नळ्यांतून ते कधी कधी इतक्या वेगाने येते की गाळायला वेळच मिळत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या धारेचे पाणी दोन-तीन दिवस तांबूस येते, ते याचमुळे. वरच्या बाजूला शौचालयाचा शोषखड्डा किंवा गोठा असेल तर त्यातील जंतूही त्याच वाटेने येऊ शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

याची साधी चाचणी असते. लहान बाटलीत पाण्याचा नमुना भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवतात. विष्ठेतील जंतू असल्यास पाणी काळे पडते. आमच्या झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात या चाचणीत चांगले ठरते, पावसाळ्यात मात्र बाटली काळी पडलेली मी पाहिली आहे. म्हणून जून ते सप्टेंबर पाणी उकळून प्यावे. चांगली खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवले तरी जंतू मरतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, पण वाहत्या झऱ्यात ती टाकून उपयोग नाही, ती वाहून जाते. ते काम घरच्या साठवणीच्या भांड्यात करावे लागते. उगमाची चौकट वरून फरशीने झाकणे, वरच्या बाजूला चर खणून पावसाचे वरवरचे पाणी बाजूला काढणे आणि उगमाच्या वरच्या उतारावर गोठा वा शोषखड्डा होऊ न देणे, ही तीन कामे केली की निम्मा धोका टळतो. पहिली दोन आमच्याकडे श्रमदानाने झाली आहेत.

हंड्याने मोजलेला झरा

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी झऱ्याची धार मोजली. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. वीस लिटरचा कॅन आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते. दसऱ्याच्या सुमारास कॅन ४० सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. जानेवारीत ८० सेकंद लागले, १५ लिटर. मेच्या मध्याला तोच कॅन भरायला चार मिनिटे लागली. मिनिटाला अवघे पाच लिटर.

पाच लिटर ऐकायला थोडे वाटतात. पण झरा रात्री झोपत नाही. ताशी ३००, म्हणजे चोवीस तासांत ७,२०० लिटर. एकशेदहा घरांत वाटले तर प्रत्येक घराला ६५ लिटर, म्हणजे चार हंड्यांहून थोडे अधिक. आमच्या पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकाला दोन हंडे लागतात. त्याअर्थी ऐन मे महिन्यातही पिण्यापुरते पाणी सर्वांना आहे. मग भांडी चार-चार तास रांगेत का उभी राहतात? कारण रात्री नऊ ते पहाटे पाच या आठ तासांचे २,४०० लिटर पाणी कोणाच्याही भांड्यात न पडता वहाळाला जाते. आणि सकाळी तीन तासांत जेवढी भांडी येतात, तेवढी भरण्याइतकी धार नसते. यावर उपाय लहानसा आहे. धारेखाली अडीच-तीन हजार लिटरचे झाकलेले टाके बांधून त्याला चार तोट्या बसवल्या, तर रात्रीचे पाणी सकाळी मिळेल. ही कल्पना मी ग्रामसभेत मांडली. लोकांनी ऐकून घेतली. प्रश्न एवढाच विचारला गेला की तोट्या चार असतील तर कोणती कोणाची? मी म्हणाले, कोणतीच कोणाची नाही. आजीला मी हा प्रश्न घरी सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

सडा कोणाचा?

टाके बांधले तरी ते भरणार झऱ्यावर, आणि झरा भरणार सड्यावर. खरा प्रश्न तेथे आहे. झऱ्याची निगा राखायची म्हणजे धार पडते ती जागा झाडायची, एवढेच आपण समजतो. परंतु झऱ्याचे पाणी जेथे बाहेर येते, तेथे ते तयार होत नाही. ते वर, अर्ध्या मैलावर, कोणाचे लक्ष नसलेल्या कातळावर तयार होते.

आमच्या सड्याचा काही भाग गेल्या काही वर्षांत विकला गेला. तेथे चिरेखाण काढण्याचे घाटत आहे. चिरे काढायचे म्हणजे जांभ्याचा थर कापून काढायचा. आणि पाणी साठवणारा थर तर तोच. खाण चिकणमातीपर्यंत उतरली, तर आडवे सरकणारे पाणी उघडे पडेल, खाणीतच साचेल किंवा पंपाने उपसले जाईल, आणि झऱ्याकडे येताना माती घेऊन येईल. मेमधील पाच लिटरांचे अडीच झाले, तर वरचे सगळे गणित कोसळते. घरटी दोन हंड्यांच्या वर काही उरत नाही, तेही रात्रीचा थेंबन्‌थेंब साठवला तरच. आणि मग रांगेत मागे कोण राहील, हे सांगायला इतिहासाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही.

पण हे लिहिताना मला दुसरी गोष्ट झाकता येत नाही. माझे बाबा चिरेखाणीवर काम करतात. माझी महाविद्यालयाची फी त्या मजुरीतून भरली जाते. आमचे घर चिऱ्यांचे, शाळा चिऱ्यांची, हे महाविद्यालयही बहुधा चिऱ्यांचेच. बाबा म्हणतात, "जवळ खाण निघाली तर रोजचा तीस किलोमीटरचा प्रवास वाचेल." ते चूक बोलत नाहीत. म्हणून 'खाणी बंद करा' असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की खाण कोठे काढावी, हे जमिनीच्या सातबाऱ्यावरून नव्हे, तर पाण्याच्या वाटेवरून ठरावे. सडा मोठा आहे. झऱ्याला पाणी पुरवणारा भाग कोणता, हे उतार, भेगा आणि थर पाहून ठरवता येते. तेवढा भाग सोडून दुसऱ्या अंगाला खाण निघाली, तर मजुरीही मिळेल आणि धारही राहील.

हे स्वप्नरंजन नाही. सिक्कीम राज्यात २००८ साली 'धारा विकास' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तिकडे झऱ्याला 'धारा' म्हणतात. तेथील डोंगरी गावे झऱ्यांवरच जगतात, आणि झरे आटू लागले होते. त्यांनी प्रत्येक झऱ्याचे पाणी कोठून मुरते याचा शोध घेतला, आणि डोंगराच्या त्या अंगावर चर व खड्डे खणून पाऊस अडवला. २०१८ साली नीती आयोगाच्या अहवालानेही हिमालयातील झरे आटत असल्याकडे लक्ष वेधले आणि अशाच उपायांची शिफारस केली. आपला सडा हिमालयाहून वेगळा आहे, खडक वेगळा आहे. पण विचार तोच लागू पडतो. सड्यावर दरवर्षी लागणारे वणवे थांबवणे, देवरहाटी वाढवणे, पावसाचे पाणी मुरेल तेथे आडवे चर काढणे, ही कामे गावाला जमण्यासारखी आहेत. खाणीचा निर्णय अजून व्हायचा आहे. पुढच्या ग्रामसभेत तो विषय येईल, आणि मी मोजलेले आकडे तेथे वाचून दाखवायचे ठरवले आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या महाविद्यालयात राजापूर, लांजा, देवगडपासूनची मुले येतात. आपल्यापैकी अनेकांच्या गावी असा एखादा झरा असेल. सुटीत घरी जाल तेव्हा एक कॅन आणि घड्याळ घेऊन त्याची धार मोजा. तारीख घालून लिहून ठेवा. दसऱ्याला, संक्रांतीला आणि मेमध्ये, अशा वर्षातून तीन नोंदी पुरेत. झऱ्यावर अजून कोणी खालच्या बाजूला उभे राहते का, तेही पाहा आणि लिहा. भूगोल विभागाने या नोंदींची एक वही ठेवली, तर चार-पाच वर्षांत कोणता झरा टिकतो आहे आणि कोणता मंदावतो आहे, हे आपल्याला अंदाजाने नव्हे, आकड्यांनी सांगता येईल. आमच्या झऱ्याच्या तीन नोंदी मी त्या वहीसाठी विभागाकडे दिल्या आहेत. पुढचे पान कोरे आहे.